मोजा बरं, सगळे आहेत का?

आम्हा खान्देशातल्या माणसांचं उन्हाशी जमतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी आम्ही डोक्याला उपरणं गुंडाळून लग्नाच्या पंगतीत उकळती शेवभाजी भुरकतो. पावसाशी मात्र ओळख बेताची. जूनभर आभाळाकडे डोळे लावून बसायचं आणि तो खरंच आला की "अगं, कपडे!" म्हणून गच्चीकडे धावायचं. त्यामुळे भर श्रावणात तोरणमाळला जायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं, यावर घरात अजून वाद आहे. माझ्याच डोक्यातून निघालं, पण मी कबूल केलेलं नाही.

चोपड्याहून निघताना गाडी तेरा सीटांची आणि आम्ही सतरा. गाडीवाला म्हणाला, "बसतीन हो भाऊ, पोरं मांडीवर घ्या." पोरांतला एक बारावीला आहे. त्याला मांडीवर कोणी घ्यायचं हे ठरेपर्यंत शिरपूर आलं.

नानांनी कामं वाटून दिली. दशम्या आणि ठेचा वहिनींकडे, केळीचा अख्खा घड जिभाऊंकडे आणि माणसं माझ्याकडे. "तू मास्तर ना? मग दर ठिकाणी मोजत जा. उनपदेवला अक्का राहून गेली होती, आठवतं ना?" आठवतं. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या अक्काला आम्ही अडावदपर्यंत जाऊन परत आणलं होतं. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट "इतक्या लवकर कशाला आले?" असं तिनेच विचारलं.

शहादा सोडलं तेव्हा गळ्याशी घाम होता. सातपायरी घाटाला लागलो आणि सातपुडा दिसेनासा झाला. वळणं सातच म्हणतात, पण वहिनींच्या पोटाने जास्त मोजली. नानांच्या बाजूची काच वर जात नव्हती, म्हणून त्यांनी छत्री गाडीच्या आतच उघडली. पुढचा सगळा घाट मी त्या छत्रीची काडी कानात घालून चढलो.

तोरणमाळ हजार मीटरच्याही वर आहे, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. हजार मीटरवर दात कसे वाजतात, हे पुस्तकात नाही.

"हा बघा यशवंत तलाव," नानांनी काठी उगारून दाखवलं. तिकडे पांढरं होतं. आम्ही त्या पांढऱ्यापुढे उभं राहून फोटो काढले. (नंतर पाहिलं तर घरी चादर धरूनही निघाले असते.) एवढ्यात धुक्यातून तिथलेच एक पावरा आदिवासी आजोबा आले. डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ आणि अंगाने कोरडेठाक. माझ्या सातशे रुपयांच्या रेनकोटाच्या बाहीतून शिरलेलं पाणी तोवर बुटापर्यंत पोचलं होतं. आजोबांनी आमच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शांतपणे आमच्या पाठीमागे बोट केलं. तलाव तिकडे होता.

"म्हणजे मी म्हणत होतो तो कमळ तलाव," नाना म्हणाले. नाना हार मानत नाहीत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, हेही त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

गाडीत बसताना मोजले तर सोळा. माझ्या पोटात गोळा आला. अक्का? अक्का समोरच भुट्टा खात होती. दोनदा मोजलं, सोळाच. शेवटी बारावीतल्या पोराने विचारलं, "मामा, तुम्ही स्वतःला धरलं का?" गोरखनाथाच्या देवळापाशी मोजले तर अठरा. या वेळी माझी चूक नव्हती. कुणाचा तरी चार वर्षांचा मुलगा आमच्या छत्रीखाली उभा राहून आमची दशमी खात होता. त्याला त्याच्या आईकडे पोचवला, तर बाई म्हणाल्या, "अजून थोडा वेळ राहू द्या ना."

शेवटी सीताखाई. सगळा खटाटोप हिच्या धबधब्यासाठी होता. धबधबा होता हे नक्की, कारण ऐकू येत होता. बाजूच्या माणसाला काही सांगायचं तर ओरडावं लागत होतं. दिसत मात्र नव्हता. अर्धा तास आम्ही ओळीने उभे राहून धबधबा ऐकला. केळी संपली. ठेच्यात पाणी शिरून त्याचं कालवण झालं. अक्काने हात जोडून "सीतामाय, एकदा पडदा उघड" म्हटलं, तर आणखी एक सर आली.

"चला," नाना ओरडले. "मोजा बरं, सगळे आहेत का?"

मी सगळ्यांना एका जागी उभं केलं आणि खाईकडे पाठ करून त्यांच्यासमोर राहिलो. वर्ग समोर असल्याशिवाय मला मोजता येत नाही. एक, दोन, तीन. नेहमी पाचव्यापर्यंत कोणीतरी जागा बदलतं. या वेळी कोणी हललं नाही. सातवर सगळे गप्प झाले. दहावर वहिनींचा पदर खांद्यावरून सुटला, तो त्यांनी सावरला नाही. नानांची छत्री हळूहळू खाली आली. चोवीस वर्षांच्या नोकरीत इतका शिस्तीत उभा वर्ग मला कधी मिळाला नव्हता, म्हणून मीही जरा सावकाश, बोट दाखवून मोजलं. चौदा, पंधरा, सोळा आणि मी धरून सतरा. बरोब्बर!

आनंदाने मागे वळलो. पांढरं होतं.

"केवढा होता रे!" नाना म्हणाले. अक्काचे हात अजून जोडलेलेच होते.

"मास्तर, दिसला ना?" जिभाऊंनी विचारलं.

"सतरा," मी म्हणालो.