गतिरोधक हवाय, पण कुठे, कुणी टाकलेला आणि केवढा?

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला, एकदा तर सख्ख्या भाच्याकडून. मजकूर असा: "गावातले अपघात थांबवायचे असतील तर प्रत्येक चौकात, प्रत्येक शाळेसमोर, दर शंभर मीटरवर गतिरोधक टाका. एका ठरावाचं काम आहे, एक ट्रॉली डांबराचा खर्च आहे. नियम-बियम ही अधिकाऱ्यांची थाप आहे. गतिरोधक जेवढा उंच तेवढा वेग कमी. नवीन नगरसेवकांनी पहिल्याच सभेत हे करून दाखवावं." खाली जोडलेले हात आणि 'सहमत असाल तर पुढे पाठवा'.

लिहिणाऱ्याचा राग खरा आहे, त्याची मी थट्टा करणार नाही. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत कित्येक वर्षं प्रशासक बसलेला होता, निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. तेवढा काळ तक्रार घेऊन जायला वॉर्डात हक्काचा माणूसच नव्हता. पण मी नोकरीची सगळी वर्षं नगरपरिषदेत ओव्हरसिअर, म्हणजे बांधकामांवर देखरेख ठेवणारा, म्हणून काढली. स्वतः उभं राहून कितीतरी गतिरोधक टाकून घेतले आणि त्यांतले बरेचसे चुकीचे होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यामुळे उत्तर देणं मला भाग आहे.

"अपघात वेगामुळे होतात." हे बरोबर. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब तर असा आहे की वाहनांचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. वेग कमी झालाच पाहिजे, यावर भांडण नाही.

भांडण पुढच्या उडीवर आहे. वेग कमी करायचा म्हणजे गतिरोधकच, असं मेसेज गृहीत धरतो. याच मंत्रालयाने २०१५च्या अहवालात गतिरोधकांवर झालेले मृत्यू वेगळे मोजले होते. ते तीन हजारांच्या वर होते. एका वर्षात, नुसत्या गतिरोधकांवर! कसे मरतात हे शहरातल्या माणसाला कदाचित समजणार नाही, आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. रात्रीची वेळ, रस्त्यावरचा दिवा बंद, गतिरोधकावर पांढरा पट्टा नाही, आणि मोटारसायकलवर मागे एका अंगाने बसलेली बाई. चालवणाऱ्याच्या हातात हॅंडल तरी असतं, तिच्या हातात पिशवी नाहीतर मूल. आमच्या आळीतला दूधवाला पहाटे असाच पडला. कॅन रस्त्याच्या कडेला, तो मधोमध. खांद्याचं हाड बसवून घेतलं, पण रतीब सुटला तो सुटलाच. तिथे गतिरोधक आदल्या संध्याकाळी झाला होता. रंग "उद्या मारू" म्हणून राहिला होता.

"एका ठरावाचं काम आहे." इथे मेसेज साफ चुकतो. गावातला रस्ता गावाच्या मालकीचा असतोच असं नाही. आमच्या गावाचं उदाहरण घ्या. एसटी स्टँडवरून साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता राज्यमार्ग आहे, तो बांधकाम खात्याचा. बाजारपेठेतला, गढीभोवतीचा, नव्या कॉलन्यांमधला रस्ता नगरपरिषदेचा. हद्दीबाहेर मळ्याकडे वळलेला रस्ता जिल्हा परिषदेचा. सभागृहाने एकमताने ठराव केला तरी तो राज्यमार्गावर चालत नाही. तिथे बांधकाम खात्याच्या कार्यकारी अभियंत्याची परवानगी लागते. आणि राष्ट्रीय महामार्ग गावातून जात असेल तर विषयच संपला. त्यावर गतिरोधक नकोत, असतील ते काढा, असं केंद्राने २०१६ मध्येच कळवलं आहे. तिथे फार तर जाड पांढऱ्या पट्ट्यांची ओळ मारतात, ज्यावरून गाडी गेली की खडखडाट होतो.

आता अपघात बहुतेक होतात कुठे? याच मोठ्या रस्त्यांवर. म्हणजे मेसेज ज्या दारावर मोर्चा न्यायला सांगतो, त्या दारामागे तो अधिकारच नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं तिथे एका टेबलाशी बसतात. तिच्यापुढे भावना चालत नाहीत, पोलीस ठाण्यातल्या नोंदी चालतात. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं गेली, तर त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात आणि दुरुस्तीचा विचार सुरू होतो. आपल्याकडे काय होतं? अपघात झाला की दोन्ही बाजूंचे पाहुणे बसतात, दवाखान्याचा खर्च ठरतो, गुन्हा नोंदवायचा नाही असं ठरतं. मिटलं. कागदावर तो चौक मग अगदी सुरक्षित!

"एक ट्रॉली डांबराचा खर्च" आणि "जेवढा उंच तेवढा वेग कमी" या दोन वाक्यांना मी एकत्रच घेतो, कारण दोन्हींची चूक एकाच जागी आहे. ट्रॉलीभर माल ओतून फावड्याने केलेला ढीग म्हणजे गतिरोधक नव्हे. गतिरोधकाचं काम त्याच्या रुंदीत, म्हणजे गाडी जाते त्या दिशेने मोजलेल्या मापात असतं, उंचीत नाही. १९७३च्या सुमारास इंग्लंडच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने वेगवेगळे आकार गाडीखाली घालून पाहिले. त्यातून निघाला तो १२ फूट रुंद, ४ इंच उंच, गोलसर पाठीचा उंचवटा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने (आयआरसी) १९८८ मध्ये आयआरसी ९९ या क्रमांकाने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही तेच माप आलं: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. २५ किलोमीटरच्या वेगाने गेलात तर हलकं वर-खाली होतं, त्याहून जोरात गेलात तर सीटवरून उडता. एवढं साधं गणित.

गावात मात्र काय असतं? हातभर रुंद आणि वीतभर उंच. असल्या अरुंद उंचवट्याची गंमत अशी की हळू जाणाऱ्याला तो जास्त हाणतो. सायकलवाला, रिक्षातली गरोदर बाई, म्हातारा माणूस यांची कंबर मोडते. जोरात आलेल्या जीपची चाकं मात्र इतक्या झटकन त्यावरून जातात की धक्का स्प्रिंगमध्येच जिरतो. एकदा हे पोरांच्या लक्षात आलं की ती त्यावरून उडी मारायलाच लागतात. उसाच्या सीझनमध्ये दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर त्यावर अडकला की मागची रांग स्टँडपर्यंत जाते आणि ट्रॉलीतून निसटलेल्या मोळ्या रस्त्यात. मागे लाल दिवा नसलेली ती ट्रॉली गतिरोधकापाशी अंधारात थांबलेली असते, हा वेगळाच सापळा.

बरोबर माप करायचं तर फळीचा साचा लागतो, कडा जुन्या डांबरात बसवाव्या लागतात, पाणी तुंबू नये म्हणून गटाराच्या बाजूला जागा सोडावी लागते, वर पट्टे मारावे लागतात आणि ४० मीटर आधी सूचनेचा फलक लावावा लागतो. ट्रॉलीच्या हिशेबात यातलं काहीही नाही.

"नियम ही थाप." मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८अ हे कलम आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणी मेलं वा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम लहान आहे, मान्य. पण अधिकारी बिचकतो तो उगाच नव्हे.

"दर शंभर मीटरवर" हा आकडा आकाशातून पडलेला नाही बरं का. लागोपाठ गतिरोधक टाकायचे झाले तर दोघांत १०० ते १२० मीटर अंतर ठेवा, असं जुन्या सूचनांत आहे. कुणीतरी अर्धं वाचलं आणि पुढे पाठवलं. तेही वस्तीतल्या आतल्या रस्त्यांसाठी. मोठ्या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या, दवाखान्याच्या फाट्यावर गतिरोधक जरूर हवा, पण गल्लीच्या बाजूला. गावभर शंभर-शंभर मीटरवर टाकलेत तर १०८ची गाडी तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत किती वेळा थांबेल आणि आतल्या माणसाच्या मोडलेल्या पायाचं काय होईल, ते मोजा.

राहिलं पहिल्या सभेचं. पहिल्या सभेत नगरसेवकांनी काही करायचंच असेल तर दिव्यांचा विषय घ्यावा. रस्त्यावर दिवाबत्ती ठेवणं हे १९६५च्या नगरपरिषद कायद्यात सक्तीचं कर्तव्य आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, कुणाकडे बोट दाखवता येत नाही. बंद खांबांची वॉर्डवार यादी मागा. शाळेसमोरच्या झेब्रा पट्ट्यावर लागणारे भाजीचे गाडे हलवा, म्हणजे रस्ता ओलांडणारं पोर ड्रायव्हरला दिसेल. आणि गावात आज असलेल्या प्रत्येक गतिरोधकावर टेप लावा. निम्मे कुणाच्याच नोंदवहीत सापडणार नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. कुणाच्या दुकानासमोर आहे, कुणाच्या बंगल्यासमोर आहे, तो का झाला हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

एक मला स्वतःला पक्का ठाऊक आहे. एका नगरसेवकाच्या घरासमोरचा. फोनवरून तोंडी हुकूम आला आणि दुपारी मी माल उतरवला, ना प्राकलन (खर्चाचा अंदाज), ना मोजमाप पुस्तिकेत नोंद. खडीचं बिल दुसऱ्याच कामात घातलं गेलं. तो अजून आहे, वरून दोनदा डांबर चढल्यामुळे आता आणखी उंच. तो काढावा म्हणून गेल्या सोमवारी मी नगरपरिषदेत अर्ज दिला, टाकणाऱ्याचं म्हणून माझंच नाव लिहून. आवक क्लार्कने दोनदा वाचला, वर बघून विचारलं, "काका, हे खरंच द्यायचंय?" पोच घेतलीय.