फिनलंडने दार का ठोठावलं?

युक्रेनचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं, ‘नेटो रशियाच्या दारात जाऊन बसली, म्हणून हे सगळं झालं.’ नेटो म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती. १९७१ साली सोव्हिएत युनियन आपल्या पाठीशी उभं राहिलं, ते ऋण मलाही मान्य आहे. पण त्या ऋणापोटी फिनलंडचं म्हणणं ऐकूनच घ्यायचं नाही, हे मला पटत नाही.

रशियाला लागून तेराशे किलोमीटरहून लांब सीमा आणि लोकसंख्या मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये स्टालिनच्या फौजा आत घुसल्या. १०५ दिवस फिनिश लोक बर्फात लढले. तहात कारेलियाचा मोठा भाग गेला, चार लाखांवर माणसं घरदार सोडून अलीकडे आली. पुढे कित्येक दशकं हा देश मॉस्कोची मर्जी सांभाळत कुठल्याच गटात गेला नाही. पण गाफीलही राहिला नाही. हेलसिंकीत इटाकेस्कुसला खडक कोरून जमिनीखाली केलेला पोहण्याचा तलाव आहे. एरवी पोरंबाळं तिथे डुंबतात. वेळ आली तर पाणी उपसून ७२ तासांत तिथे लोकांना आसरा द्यायचा, अशी त्याची रचनाच आहे. तलाव खणतानाही ज्यांच्या मनात बॉम्ब असतो, त्यांना तटस्थपणाचे धडे आपण द्यायचे?

आणि हो, तिथल्या बहुतेक लोकांना वर्षानुवर्षं नेटो नकोच होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि वारं फिरलं. मे महिन्यात संसदेत १८८ विरुद्ध ८ मतांनी निर्णय झाला. १२ देशांनी १९४९ साली सुरू केलेल्या नेटोत ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड ३१ वा सदस्य झाला. दोनशे वर्षं युद्धापासून लांब राहिलेला स्वीडनही तुर्की आणि हंगेरीच्या होकाराची वाट बघत पुढच्या मार्चमध्ये आत आला.

नेटो धुतल्या तांदळासारखी आहे, असं मी म्हणत नाही. १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेच्या मंजुरीशिवाय युगोस्लाव्हियावर केलेले बॉम्बहल्ले चूकच होते. पण २००८ साली बुखारेस्टला नेटोच्या बैठकीत जॉर्जिया आणि युक्रेनला ‘तुम्ही सदस्य व्हाल’ असं नुसतं आश्वासन मिळालं, तारीख नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे जॉर्जियात शिरले, २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया मात्र २००४ पासून आत आहेत. त्यांच्या सीमा अजून जागच्या जागी आहेत.