जीआर कुणी काढला, ते आधी सांगा

पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिल २०२५ मध्ये निघाला, जूनमध्ये सुधारून पुन्हा निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे एका मंचावर आले. इतकं होऊनही आमच्या घरच्या ग्रुपवरचं भांडण मिटलेलं नाही. साताऱ्याचा आतेभाऊ अजून ऐकवतो, "तू तिकडे बसून आम्हाला मराठी शिकवू नकोस."

अरे, पण दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी घसा कोरडा करणारा तूच ना? आता तुझ्या पक्षाचं सरकार म्हटल्यावर तिसरी भाषा मुलांच्या भल्याची झाली! आणि 'हिंदी आली की दिल्लीत कामं होतात' म्हणणारे आमचे काका एका रात्रीत मराठीचे कैवारी झाले. माशेलकर समितीचं तर विचारूच नका. नव्या शैक्षणिक धोरणासाठीची ही समिती उद्धव ठाकरे सरकारने नेमली. फडणवीस म्हणाले, हिंदीची शिफारस तुम्हीच स्वीकारलीत. ठाकरे म्हणाले, अहवाल स्वीकारला, लागू कुठे केला? ग्रुपवर तो अहवाल कुणी उघडला असेल तर शपथ. कात्रणं मात्र दोन्हीकडून धडाधड पडली.

२०२२ मध्ये शिवसेना फुटली, 'गद्दार' आणि 'खोके' घराघरात पोचले, तेव्हापासून हे वाढलंय. राग कुणाचा ते आधी ठरतं, भाषेबद्दलचं मत सावकाश मागून येतं.

इकडे इंग्लंडमध्ये असं नसतं, असं मी छातीठोक सांगत असतो. शेजारच्या आजोबांच्या खिडकीत लेबर पक्षाचं पोस्टर, आमच्या घरात विरुद्ध बाजूच्या टोरी पक्षाला मत, तरी सुट्टीवर गेलो की आमचे कचऱ्याचे डबे तेच बाहेर काढतात.

२०१६ चा, ब्रेक्झिटच्या सार्वमताचा विषय मात्र मी टाळतो. मतदानाच्या बरोबर आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदार बाईंचा भररस्त्यात खून झाला. लंडनजवळच्या आमच्या स्लाव गावात ५४ टक्के मतं 'लीव्ह'ला, म्हणजे युरोपीय संघ सोडायला पडली. त्यात आपले देसीही होते. 'पोलंडचा माणूस बिनव्हिसा येतो आणि माझ्या आईला व्हिजिटर व्हिसा नाकारतात', हे त्यांचं तेव्हाचं साधं गाऱ्हाणं. आईचा व्हिसा काही सोपा झाला नाही. पण संघातच राहू म्हणणारे 'रिमेन'वाले त्यांना अडाणी म्हणून हसले, आणि युरोपचं नाव काढलं तरी हे लोक भडकू लागले. १९७५ च्या सार्वमतात तर थॅचरबाई युरोपात राहा म्हणून प्रचार करत होत्या. आज त्यांच्या टोरी पक्षात तसं बोलून बघा.

आणि माझा समजूतदारपणा? इथलं मत मी स्टेशनवरून घरी येता येता देतो, निकाल सकाळी चहाबरोबर कळतो. कुणी का येईना, झोप उडत नाही. परदेशी नागरिक झालेल्या आम्हा भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर महाराष्ट्रात मत देता येत नाही. तरी नोव्हेंबर २०२४ च्या मोजणीला रात्री अडीचला उठून बसलो आणि ज्यांना मत देऊच शकत नाही त्यांच्यापायी उजाडेपर्यंत बायकोशी भांडलो. ती नागपूरची, पलीकडच्या बाजूची.