निकालाच्या क्षणी जाहिरात

ऑनलाइन चित्रपट दाखवणाऱ्या सेवेने वर्षभराचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि सात महिन्यांनी ‘आपल्या योजनेत यापुढे मर्यादित जाहिराती दिसतील’ असा एका ओळीचा निरोप पाठवून मोकळे व्हायचे, ही शुद्ध लबाडी आहे. पण माझा संताप केवळ पैशांचा नाही. ती जाहिरात चित्रपटात नेमकी कुठे घुसवायची, हे ठरवण्यापूर्वी या मंडळींपैकी एकानेही तो चित्रपट डोळ्यांनी पाहिलेला नसतो, याची मला चीड आहे.

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर मी आणि नवरा ‘बेस्ट इन शो’ बघायला बसलो. ख्रिस्तोफर गेस्टने दिग्दर्शित केलेला हा २००० सालचा चित्रपट म्हणजे फिलाडेल्फियातल्या एका काल्पनिक श्वानस्पर्धेवरचा, माहितीपटाचा आव आणणारा विनोदपट आहे. कुत्र्यांचे मालक कॅमेऱ्यासमोर बसून अत्यंत गांभीर्याने आपली आयुष्ये उलगडतात, आणि खरे हसू येते ते त्यांच्या बोलण्यापेक्षा बोलून झाल्यावरच्या अवघडलेल्या शांततेत. गेस्ट आणि युजीन लेव्ही यांनी केवळ प्रसंगांचा आराखडा लिहिला होता. संवाद नटांनी आयत्या वेळी सुचतील तसे म्हटले आहेत. समोरचा आता काय बोलेल हे सहकलाकारालाही ठाऊक नसल्यामुळे चेहऱ्यावर जो अर्धा क्षण थबकलेला दिसतो, तोच या चित्रपटाचा प्राण आहे. त्या अर्ध्या क्षणावर भांडी घासण्याच्या साबणाची जाहिरात आदळली, तर हातात काय उरते?

पार्कर पोसीने रंगवलेल्या मेगच्या कुत्रीचे, बिॲट्रिसचे, मधमाशीच्या आकाराचे खेळणे हरवते. स्पर्धा तोंडावर आलेली असताना ही बाई दुकानात जाऊन तसेच खेळणे मागते, आणि दुकानदार तिला एकामागून एक भलतीच खेळणी दाखवत राहतो. मधमाशीचा पोशाख घातलेले अस्वल पुढे येते, तिचा आवाज चढत जातो, आमचे हसून पोट दुखू लागलेले असते, आणि त्याच वेळी पडदा काळा! लागोपाठ तीन जाहिराती. परतलो तेव्हा ती किंचाळत होती, पण आम्ही गप्प बसलो होतो, कारण चढत गेलेला तो सूर मधेच तुटला होता. चार सेकंद मागे जाऊन पाहावे म्हटले, तर त्याच तीन जाहिराती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

शेवटी तर कहर झाला. स्पर्धेत उतरलेल्या कुकी या श्वानमालकिणीचा गुडघा दुखावतो आणि जन्मतःच दोन्ही पाय डावे असलेल्या तिच्या नवऱ्याला, जेरीला, विंकी या छोट्या टेरियरला घेऊन रिंगणात उतरावे लागते. स्पर्धेवरच्या चित्रपटात निकालाची घटका किती मोलाची असते, हे शाळकरी पोरालाही कळते. परीक्षक कुत्र्यांसमोर उभे होते, माझा श्वास अडकला होता, आणि या लोकांना नेमक्या त्याच ठिकाणी गृहकर्ज विकायचे होते! क्रिकेटच्या सामन्यात निदान षटक संपण्याची तरी वाट पाहतात.

मी तक्रार नोंदवली. ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ एवढे यांत्रिक उत्तर आले आणि सोबत जाहिरातमुक्त, म्हणजे अधिक महाग योजनेचा दुवा आला. जी गोष्ट मी एकदा विकत घेतली होती, तीच काढून घेऊन मला पुन्हा विकण्याचा हा निर्लज्जपणा मी मुळीच सहन करणार नाही. पुढील वर्षाची आपोआप होणारी वसुली मी त्याच रात्री बंद केली, आणि उरलेल्या पाच महिन्यांचे पैसे परत मिळावेत म्हणून दुसरे पत्रही पाठवले आहे.