यात पाणी कुठून भरता?

काल दुपारपासून माझा विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावून वाऱ्यावर चालवायचा, बोर्ड भिंतीला टेकून उभा आहे. बूच काढलेलं, भोक तळाशी. त्यातून थेंब थेंब पाणी गळतंय आणि दर थेंबाला मला ते खुर्चीतले गृहस्थ आठवतायत.

घडीची खुर्ची, थर्मास, पायात बूट-मोजे. पाण्याशी त्यांचं नातं बघण्यापुरतंच. मी वाळूत दोन शिडं जोडत बसले होते, एक माझं, एक लेकीचं. तर हे खुर्चीसकट सरकत सरकत जवळ आले.

“एवढी मोठी फळी! मिस्टर येतायत वाटतं?”

“नाही. मी आणि ही.”

ही म्हणजे वय वर्षं ७, वजन २२ किलो, लाइफ जॅकेट घालून आधीच कंटाळलेली.

“दोघींत एकच? मग एकीला तरी चुकीचीच असणार.”

राग आला तो बोलणं खोटं होतं म्हणून नव्हे, निम्मं खरं होतं म्हणून. आई आणि सात वर्षांचं पोर, दोघांना नेमका बसेल असा विंडसर्फिंगचा बोर्ड नसतोच. कुणाला तरी झुकतं माप द्यावं लागतं, आणि वात्सल्य कितीही उतू जात असलं तरी ते मोठ्या माणसाला द्यायचं. मोठा बोर्ड पोराला फार तर वळवायला जड जातो. लहान बोर्ड आईला थेट पाण्यात घालतो.

हे त्यांना समजावायला गेले तिथेच चुकलं. तोवर त्यांनी बोर्डावर छापलेला आकडा वाचला होता.

“२०५ लिटर? यात पाणी कुठून भरता?”

“पाणी नाही भरत. ते आकारमान आहे.”

“पण लिटर म्हणजे पाणीच ना? टाकी लिटरवर, बादली लिटरवर.”

“हा पूर्ण पाण्याखाली दाबला तर २०५ लिटर पाणी बाजूला सारेल. म्हणजे बोर्डासकट साधारण २०५ किलो पेलेल.”

“ते पाणी बाहेरचं झालं. आतलं किती?”

“आत फोम आहे हो!”

“मग फोम लिटरवर का विकतात?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी वाळूत बोटाने हिशेब मांडला. माझे ६२. मोठं शीड, डोलकाठी आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून ९. बोर्डाचे स्वतःचे १४. हे धरायला सगळे विसरतात. लेक सोबत चढली की तिचे २२. बेरीज १०७, शिल्लक ९८. ही शिल्लक असते म्हणून बोर्ड पाण्यावर उंच राहतो आणि पाय इकडचा तिकडे पडला तरी डगमगत नाही. नवशिक्याने आपल्या वजनात शंभरेक लिटर मिळवून बोर्ड बघावा म्हणतात ते याचसाठी. दोघं एकदम चढणार असतील तर दोघांची वजनं धरून. १२० लिटरचा सुबक, हलका बोर्ड घेतला असता तर त्याचे ८ धरूनही १०१ झाले असते, शिल्लक १९. तेवढ्यावर तरंगता येतं, उभं राहून शिकता येत नाही.

गृहस्थांनी हिशेब दोनदा तपासला. “म्हणजे ९८ लिटर तुम्ही वापरतच नाही. वाया!”

मी बूम आवळायला घेतली.

खरं तर लिटरच्याही आधी रुंदी बघावी. तेवढ्याच लिटरचा लांब, अरुंद बोर्ड सरळ छान जातो, पण काठावर पाय पडला की कलंडतो. ८५ ते ९० सेंटिमीटर रुंदी असली तर आई धडपडली तरी सावरते आणि पोराला तर ते अंगणच. मात्र अंगण वळवायचं म्हटलं की पंचाईत. २२ किलोचं मूल काठावर जाऊन उभं राहिलं तरी एवढा बोर्ड जेमतेम कलतो, म्हणजे पायाने वळवणं बाद. उरलं शीड. ते मागे कलवलं की बोर्डाचं नाक वाऱ्याकडे येतं, पुढे कलवलं की वाऱ्यापासून दूर जातं. पण शीड दीड चौरस मीटरचं आणि खाली १४ किलोचं धूड. त्यात हलक्या माणसाखाली बोर्ड इतका उंच तरंगतो की शिडाआधी वारा बोर्डालाच ढकलतो, आणि पोर शीड धरून आडवंच वाहत जातं.

म्हणून मधला डॅगरबोर्ड, म्हणजे बोर्डाच्या पोटातून पाण्यात खाली सोडायचं पातं, हवाच हवा. तो खाली केला की आडवं घसरणं थांबतं आणि बोर्ड स्वतःभोवती वळायला खुंटा मिळतो. मागचं लांब फिन (शेपटाखालचा, माशाच्या परासारखा पंख) काढून मुलासाठी आखूड लावायचं, म्हणजे शेपूट सहज फिरते. फिनाशिवाय मात्र जायचं नाही, नाहीतर बोर्ड भोवऱ्यासारखा गरगरतो. डॅगरबोर्डाच्या फटीत वाळू जाऊन तो अडकतो, आणि नेमका उथळ पाण्यात वर घ्यायच्या वेळी अडकतो. विकत घेताना दहा वेळा वर-खाली करून बघावा, विकणारा कितीही घाईत असो. वरचं मऊ आवरण नाकापर्यंत आहे का तेही बघावं. खरखरीत रंगावर मुलाच्या गुडघ्यांची सालं निघतात आणि त्या दिवसापुरता खेळ संपतो.

हवा भरायचे बोर्ड मऊ आणि न्यायला सोपे. पण त्यात डोलकाठी बसवायची जागा आणि मधलं फिन दोन्ही असायला हवीत, आणि हवा सांगितली असेल तेवढी भरायला हवी. शेवटी हात भरून येतात म्हणून चार पंप कमी मारले, की डोलकाठीच्या पायाशी बोर्ड खाटेसारखा मधोमध खचतो.

“दोन शिडं कशाला?” खुर्ची आणखी फूटभर पुढे. “मोठंच दुमडून घ्या की.”

पुन्हा निम्मं खरं! होड्यांची शिडं दुमडून लहान करतात. पण हे शीड डोलकाठीच्या वाकण्यावर आणि आडव्या पट्ट्यांवर ताणलेलं असतं, दुमडलं तर आकारच जातो. शिवाय पाण्यात पडलेलं ५ चौरस मीटरचं शीड उचलताना त्यावरचं पाणीही उचलावं लागतं. पोर दोर ओढत राहतं, शीड हलत नाही, आणि शेवटी पोर शिडावर जाऊन पडतं. मुलाचं शीड डोलकाठी-बूमसकट दोन-तीन किलोंत बसावं, बूम त्याच्या मुठीत मावेल इतकी बारीक आणि त्याच्या खांद्या-हनुवटीच्या मध्ये बांधलेली असावी.

आणि इथे माझी खरी तक्रार आहे, ती खुर्चीवाल्यांबद्दल नाही. ‘सगळ्या कुटुंबासाठी’ म्हणून जो संच विकतात त्यात बोर्ड एक, शीड एक. चित्रात आई, बाबा, दोन मुलं, सगळ्यांचे दात पांढरे. मुलांच्या हातात काय आहे ते नीट बघा. काहीच नाही. मुलाचं शीड वेगळं घ्यायचं, ते दोन-तीन वर्षांत लहान होणार, आणि घरी आणल्यावर कळतं की त्याचा पाया पिनेचा आहे आणि बोर्डावरचा सांधा कपाचा. आधी विचारलं तर म्हणतात, “बसेल हो.” नाही बसत.

१९५८ साली इंग्लंडच्या हेलिंग आयलंडवर पीटर चिल्व्हर्स नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने फळीवर शीड उभं करून पाण्यात घातलं होतं. पुढे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही याचं पेटंट निघालं, ब्रिटनमधल्या पेटंटवरून तिथे खटला झाला आणि १९८०च्या दशकात तिथल्या अपील न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवताना या पोराच्या फळीचा आधार घेतला. त्याला कुणी लिटर विचारल्याचं ऐकिवात नाही.

असो. वारा बेताचा होता, ७-८ नॉट, पाण्याकडून किनाऱ्याकडे. उलटा, पाण्याकडे वाहणारा असता तर मी शिडं पाण्यात नेलीच नसती. पोराला त्यात परत येता येत नाही. लेकीला आधी बूमच्या आत, माझ्या दोन हातांमध्ये उभं केलं. पुढे नाकावर बसवत नाही, कारण आपण तोंडावर आपटलो की डोलकाठी तिथेच येते. मग कमरेएवढ्या पाण्यात तिचं शीड लावून दिलं. तासाभराने ती म्हणाली, “आई, बोर्ड मागून बसतोय.”

बाहेर ओढला तर उचलवेना. शेपटाजवळचं छोटं बूच बघितलं. बोर्ड उन्हात तापला की आतली हवा फुगून थर सुटू नयेत म्हणून ते असतं. पाण्यात जाण्याआधी घट्ट पिळायचं, नाहीतर गार पाण्यात आतली हवा आकसते आणि बोर्ड पाणी ओढून घेतो. मी ते पिळलं होतं. आता ते सैल होतं.

“जरा फिरवून बघितलं होतं मी,” खुर्चीतून आवाज आला. “तुम्ही शिडात होतात तेव्हा.”

बूच काढून बोर्ड उभा केला. वाळूवर धार लागली. गृहस्थ पहिल्यांदाच खुर्चीतून उठले, जवळ येऊन वाकले, धार संपून थेंब पडायला लागेपर्यंत बघत राहिले.

“भरतातच की,” ते म्हणाले. “पण २०५ काही नाहीत.”