आधी हवा, मग फुप्फुसं?

"प्रयोगशाळेत फुप्फुसं बनवणं हे श्रीमंत देशांचे चोचले. आपण आधी हवा स्वच्छ करावी." दिवाळीपासून सांगलीचे आमचे नातेवाईक हेच ठासून सांगताहेत. मावसभाऊ तर म्हणतो, "दादा, तुला तिकडं बसून नाही कळायचं."

कळतं. त्याचीच आई, माझी मावशी, जन्मभर चुलीच्या धुरात बसली आणि आज नाकात ऑक्सिजनची नळी घालून झोपते. उद्या हवा निर्मळ झाली तरी तिचे विरलेले वायुकोश परत यायचे नाहीत. इथं स्वीडनमध्ये तिच्या वयाच्या बाईचा खर्च वर्षाची ठरलेली मर्यादा ओलांडून गेला की फ्रीकोर्ट म्हणजे सवलतीचं कार्ड मिळतं आणि पुढची दवाखान्यातली तपासणी फुकट होते, हे मी बोललो की तिकडं राग येतो.

मी स्वीडनमधल्या लुंड शहरात राहतो. इथल्या विद्यापीठात फुप्फुसातल्या पेशी धुऊन काढतात आणि उरलेल्या सांगाड्याच्या द्रव्यापासून थ्रीडी छपाईनं फुप्फुसाची ऊती बनवण्यासाठी शाई करतात. काम चिवट आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लॉरा निकलसन यांच्या गटानं अशा सांगाड्यावर पेशी वाढवून फुप्फुस तयार केलं. उंदरात ते जेमतेम दोन तास चाललं. 2018 मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला डुकरांत दोन महिन्यांपर्यंत मजल गेली. माणसापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही, कारण बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर अखंड जमलं नाही तर रक्त गोठतं, पाणी झिरपतं.

मावसभाऊ माकियारिनी या शल्यचिकित्सकाचं नाव काढतो. 2011-12 मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात त्यानं तीन रुग्णांना कृत्रिम श्वासनलिका बसवल्या. तिघेही पुढे दगावले आणि 2023 मध्ये अपील न्यायालयानं त्याला अडीच वर्षांची कैद सुनावली. पण म्हणून स्वीडननं प्रयोगशाळांना टाळं लावलं नाही. 2000 साली याच लुंडमध्ये शल्यचिकित्सक स्टिग स्टीन यांनी दात्याचं फुप्फुस शरीराबाहेर चालवून, पारखून मग रुग्णाला बसवलं. आज ती पद्धत अनेक देशांत वापरतात. याला चोचले कसं म्हणायचं?

पुण्यात पॉलिमर जाणणारी एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, पेशींवर काम करणारी आयसर ही विज्ञान संस्था आहे. हवा आणि फुप्फुसं यांतलं एकच निवडा, हा हट्ट मला मुळीच मान्य नाही.

तरी "तिकडं बसून" हे शब्द लागतात. मी कर इथं भरतो. इथल्या अवयवदान नोंदणीत माझं नाव आहे. माझी फुप्फुसं गेलीच तर इथल्याच कुणाला, नाहीतर स्कँडियाट्रान्सप्लांट या उत्तर युरोपातल्या अवयव-वाटप संस्थेमार्फत डेन्मार्क-फिनलंडमधल्या कुणाला जातील, सांगलीतल्या कुणाला नाही. मावसभावानं हे विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या आईसाठी भांडायचं मात्र मी सोडणार नाही.