हिमोग्लोबिन सोळावर नेलं म्हणून केदारनाथ सोसतं असं नाही

रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत, इंदूरच्या मराठी घरांत चारधामचे बेत सुरू झाले की एक मेसेज फिरू लागतो: "डोंगरावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण घटतं. महिनाभर लोहाच्या गोळ्या आणि बीट घ्या, हिमोग्लोबिन सोळावर न्या, हेलिकॉप्टरने थेट केदारनाथ गाठा. उरलेलं रक्त वर दोन दिवसांत आपोआप वाढतं." घरातली वडीलधारी माणसं यावर विसंबून निघतात, म्हणून हे सविस्तर.

प्रमाण घटत नाही. ऑक्सिजन इथेही सुमारे २१ टक्के, तिथेही तेवढाच. घटतो तो हवेचा दाब, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. इंदूर साधारण ५५० मीटरवर, केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर. तिथला दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास.

दोन दिवसांत रक्त वाढतं, हा खरा घोळ. तपासणीत आकडा वाढलेला दिसतो, हे खरं. पण वर गेल्यावर लघवी जास्त होते, श्वासावाटेही पाणी जातं आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. लाल पेशी होत्या तेवढ्याच, फक्त कमी द्रवात दाटलेल्या. लाल पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडातून काही तासांत वाढू लागतं, पण त्याच्या हुकमाने अस्थिमज्जेत नव्या पेशी तयार होऊन एकूण साठा वाढायला काही आठवडे लागतात. तोवर तुमची यात्रा संपून तुम्ही घरी परतलेले असता! पहिल्या दिवसांत शरीर सावरतं ते मुख्यतः जोरात श्वास घेऊन.

जास्त हिमोग्लोबिन म्हणजे कवच, हेही चूक. तिबेटी लोक पिढ्यान्‌पिढ्या चार हजार मीटरवर राहतात, तरी त्यांचं हिमोग्लोबिन बहुधा सपाटीवरच्या माणसांइतकंच असतं. त्यामागचा ईपीएएस१ हा जनुक २०१० साली पुढे आला. उलट पेरूच्या अँडीज पर्वतात काहींचं रक्त इतकं दाट होतं की तोच आजार ठरतो. कार्लोस मोंखे यांनी १९२५मध्ये त्याचं वर्णन केलं.

लोहाची कमतरता असेल तर गोळ्या जरूर घ्या, डॉक्टरांना विचारून. आपल्याकडच्या कितीतरी बायकांना त्यांची गरज असते. कमतरता नसताना घेतल्या तर बद्धकोष्ठता मात्र छळू शकते.

सगळ्यात घातक सल्ला हेलिकॉप्टरचा. गुप्तकाशी किंवा फाटा या गावांकडून काही मिनिटांत वर पोचल्यावर शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. पायी जाणाऱ्यांनी गौरीकुंडला, सुमारे १,९८० मीटरवर, एक मुक्काम करावा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर निघण्याआधी तपासणी हवीच. वर डोकं दुखून मळमळलं तर आणखी चढू नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर दर्शन राहिलं तरी चालेल, त्या माणसाला ताबडतोब खाली आणा.